साल्मचं कालवण

कार्ल्सरूह,
२२ एप्रिल १९५६

प्रिय शुभा,

तार पोचली हे आत्मारामकाकांच्या पत्रावरून कळलं. तारेत शब्द ते किती मावणार; तुझा दादा गेला, एवढंच मावलं. कसा गेला, शेवटी काय बोलला, काय खाल्लं, हे पेणहून मला अजून कोणी विचारलेलं नाही. काकांचं पत्र चांगलं पानभर आहे, पण त्यात जिनोव्हाहून सुटणाऱ्या बोटींच्या तारखा आहेत आणि शेवटी ‘घरची रीत तुला ठाऊकच आहे’ असं एक वाक्य आहे. त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. तिथल्या तिथे पत्र फाडलं असतं, पण बोटींच्या तारखा त्याच कागदावर, मग काय करणार. तुला ठाऊक आहे माझा राग, शाळेत एका बाकावर बसून तूच तो सर्वांत जास्त सोसलास आणि तरीही उठून माझंच स्थळ दादाला सुचवलंस. तेव्हा आता हेही तूच ऐक. आईंना यातलं काय सांगायचं ते तू ठरव, काकांना काही सांगू नकोस.

यांना रक्ताचा कॅन्सर आहे हे जानेवारीत कळलं. तुम्हांला आम्ही ‘अशक्तपणा आहे, तपासण्या चालू आहेत’ असं लिहीत राहिलो. ते यांच्या सांगण्यावरून. आईंना एवढ्या लांबून नुसता घोर लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि प्रबंध पूर्ण होईल अशी त्यांना फेब्रुवारीपर्यंत खरोखर आशा होती. हॉस्पिटलात महिनाभर ठेवून घेतलं, दुसऱ्यांचं रक्त चढवलं, मग एके दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की यांना घरी न्या आणि हवं ते खाऊ द्या. माझं जर्मन कच्चं आहे, दुकानात अजून बोटं दाखवून भागवते. पण हवं ते खाऊ द्या, हे मला पहिल्या झटक्यात कळलं. ट्रॅममध्ये यांच्याशेजारी बसून मी बडबड करत राहिले, आता घरी बरं वाटेल म्हणून. हे खिडकीबाहेर बघत होते. उतरताना मला म्हणाले, डॉक्टर काय म्हणाले ते मलाही ऐकू आलं, तर आता सांग बघू, काय काय करून घालणार आहेस.

मी म्हटलं, मागाल ते. यांनी मागितला मासा. आणि तोही साधासुधा नाही. आपल्या खाडीतून वर चढणारा पाला खायची इच्छा आहे, तो इथे मिळायचा नाही, पण त्याचाच चुलता इथल्या नदीत आहे, तोही समुद्रातून नदीत चढतो, आणि त्याचा हंगाम आत्ता उघडलाय, असं म्हणाले. तुला ते पत्रातून लिहायचे ना, त्यांचं सगळं काम या ऱ्हाइन नदीच्या पाण्यावर होतं. कारखाने पाण्यात काय काय सोडतात ते मोजायचं. दर आठवड्याला बाटल्या घेऊन सायकलनं नदीवर जायचे, तिथे एका म्हाताऱ्या कोळ्याच्या झोपडीजवळून पाणी भरून आणायचे. त्या कोळ्याकडून हे माशाचं वेड लागलेलं. मी आपलं मासा म्हणजे मासा असं धरून चालले. मला वाटलं होतं तसं ते सोपं नाही, हे नंतर कळलं.

आधी मी काय घोळ घातला ते सांगते. लाक्स नावाचा मासा पाहिजे, एवढं ऐकून बाजारात गेले. मासळीवालीनं विचारलं, झेलाक्स का? झे म्हणजे समुद्र हे मला येत होतं. म्हटलं वा, समुद्रातला लाक्स, हाच तो. घरी येऊन डबा उघडला तर आत तेलात बुडवलेले लालभडक काप. मी तशीच आमसूल-तिखट लावून रस्सा केला, तर लाल रंग सुटून सगळं कुंकवाच्या पाण्यासारखं झालं. हे पलंगावर उठून बसले आणि हसायला लागले. झेलाक्स म्हणजे लाक्स नव्हेच, भलताच स्वस्तातला मासा, रंग लावून विकतात, सगळ्या जर्मनीला ठाऊक आहे, म्हणाले. हसता हसता नाकातून रक्त आलं. त्यानंतर मी त्यांना हसवायलाही घाबरायला लागले.

मग मीच सायकल काढली. तू विश्वास ठेवणार नाहीस, पण मी इथे सायकल शिकलेय, नऊवारीतल्या तुझ्या आईंना हे सांगू नको. त्या कोळ्याचं नाव हेर क्नोब्लोख. इथे लसणीला जवळजवळ हेच म्हणतात, त्यामुळे यांनी घरात त्याचं नाव लसूणकाका ठेवलं होतं. माणूस मात्र लसणीपेक्षा तिखट. नदीच्या काठावर लाकडी खोपटं, त्यातून पाण्यावर झुकलेला एक लांब खांब, आणि त्याला टांगलेलं चादरीएवढं चौकोनी जाळं. ते तळाशी सोडून ठेवायचं आणि आत बसून जाळ्याला बांधलेली एक दोरी बोटात धरायची. मासा जाळ्यावरून गेला तर दोरी हलते. की लगेच खांब दाबून जाळं वर. बस, एवढंच. दिवसभर दोरी धरून बसायचं. मी त्याला तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं, की माझा नवरा मरायला टेकलाय आणि त्याला लाक्स हवाय. तर हा माणूस पाइप तोंडातून न काढता म्हणतो, आत्ता लाक्स नाही मिळणार. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. मग त्याची बायको बाहेर आली आणि त्याच्यावर खेकसली. तेव्हा उलगडा झाला. वसंतात जो समुद्रातून ताजा वर येतो, तुकतुकीत, चरबीनं भरलेला, त्याला हे लोक साल्म म्हणतात. तोच मासा उन्हाळा सरल्यावर नदीत राहून वाळला, लालकाळा पडला, की त्याचा लाक्स होतो. मासा एकच, नाव बदलतं. आणि म्हाताऱ्याला चुकीचं नाव घेतलेलं खपत नाही. मी साल्म म्हटलं तेव्हा कुठे गेनाऊ, म्हणजे बरोबर, असं म्हणून त्यानं मला आत बसायला लाकडाचा ठोकळा दिला.

खरी गोष्ट बायकोनं सांगितली. गेले दोन वसंत त्याच्या जाळ्यात एकही साल्म आला नव्हता. त्याच्या बापाच्या वेळी रोज यायचे. आता खाली कारखाने, वरती धरणं, आणि गावातले लोक त्याला हसतात, की क्नोब्लोख पाणी चाळतो. ती म्हणाली, तू जा बाई, आशा धरू नकोस. मी मात्र जातच राहिले. आमची घरमालकीण फ्राऊ हेर्टेल चांगली आहे, सकाळी ती यांच्याजवळ बसायची आणि मी नदीवर. यांना ते आवडत नव्हतं. आहेत ते दिवस तू इथे बसावंस, मासा गेला खड्ड्यात, असं एकदा चिडून म्हणाले. पण संध्याकाळी मी परत आले की पहिला प्रश्न तोच, आला का. आणि मला, शुभा, घरात बसवतच नव्हतं. त्यांच्या दंडावरचे ते निळे-जांभळे डाग बघत बसण्यापेक्षा दोरी धरून बसणं सोपं होतं. तिथे निदान काहीतरी होऊ शकत होतं.

म्हाताऱ्यानं आधी मला दोरीला हात लावू दिला नाही. बाईनं दोरी धरली की मासा वळतो म्हणे. मग त्याची बोटं संधिवातानं आखडायला लागली तेव्हा झक मारत दिली, वर दम दिला की उगाच ओरडायचं नाही. पहिल्या दिवशी मी पाण्याच्या ओढीला मासा समजून दोनदा ओरडले आणि त्यानं दोन्ही वेळा जाळं उपसलं, रिकामं. मला ऐकू येईलसं काहीतरी पुटपुटला. त्यामुळे खरंच जेव्हा दोरी हलली तेव्हा मी गप्प बसले. पुन्हा हलली. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं माझं तोंड बघितलं आणि खांबावर झेप घेतली. जाळं वर आलं, आणि त्यात तो होता. हातभर लांब, नव्या भांड्यासारखा चकचकीत. म्हातारा साल्म, साल्म असं हळूहळू म्हणत राहिला. त्यानं काठीच्या एका घावात त्याला मारलं आणि माझ्याकडे पाठ करून कितीतरी वेळ बसून राहिला.

पुढचं ऐकलंस तर तुलाही राग येईल. मी म्हणतेय चला, लवकर चला, घरी माझा माणूस वाट बघतोय. आणि हा मासा सायकलीच्या दांड्याला बांधून गावातून निघाला, तोही सरळ रस्त्यानं नाही. चर्चवरून, गुत्त्यावरून, शाळेवरून. दर दाराशी थांबतोय, लोक बाहेर येतायत, हात लावतायत, कोणी टोपी काढतंय. मला त्याला ढकलून द्यावंसं वाटत होतं. आज विचार करते तेव्हा वाटतं, तो त्याचा शेवटचा असेल, मिरवू दे की. पण तेव्हा नाही वाटलं. शेवटी मी भर चौकात मराठीत त्याला शिव्या दिल्या. कळल्या नाहीत, पण कळल्या. त्यानं सुरी काढून मासा तिथेच मधोमध कापला, शेपटीकडचं आपल्याला ठेवलं आणि डोक्याकडचं मला दिलं.

आईंनी पाठवलेल्या पार्सलात मसाला उरला होता, आमसुलं होती, सुकं खोबरं होतं. मी फ्राऊ हेर्टेलच्या स्वयंपाकघरात कालवण टाकलं. यांना वास जावा म्हणून मधलं दार उघडं ठेवलं. उकळी आली आणि झाकण काढलं, तर फिनेल. अगं, आपण मोरीत टाकतो ते फिनेल. आधी वाटलं, बाईनं लादी पुसली असेल. मग वाटलं पातेलं नीट धुतलं गेलं नाही. दुसऱ्या पातेल्यात एक तुकडा तळून पाहिला, त्यालाही तोच. हिंग घातला, मिरची वाढवली, आमसुलं पिळली. आमसुलाचा वास वेगळा येत होता आणि फिनेलचा वेगळा. मासा ताजा होता, शुभा, माझ्या डोळ्यांसमोर मेलेला. सगळ्या कारखान्यांच्या पाण्यातून तो पोहत आला होता आणि ते त्याच्या मांसात मुरलं होतं. यांनी दोन वर्षं बाटल्यांतून जे मोजलं तेच हे. मी ओट्याशी उभी राहून ठरवलं, मासा जळला म्हणून सांगायचं आणि बटाट्याचा रस्सा करायचा.

तेवढ्यात यांनी हाक मारली. ताट एकच आण, आणि तू इथे बस, म्हणाले. मी म्हटलं, अहो, जरा बिघडलंय. म्हणाले, मला कळलंय काय बिघडलंय ते, नाक अजून शाबूत आहे, तू आण. मग ते आईंबद्दल बोलले. तुला त्यातलं आठवत नसेल, तुमचे वडील, भाऊ, गेले तेव्हा तू पाळण्यात होतीस. दहावा-तेरावा झाल्यावर आईंनी मासे सोडले, आपल्यांत नवरा गेल्यावर बायका सोडतात तसे, कोणी सांगायचीही गरज पडली नाही. पण घरात मासे तर रोज व्हायचे, आणि करायच्या त्याच. पेणमध्ये त्यांच्या हातच्या कालवणाची ख्याती, आणि स्वतः त्याची चव घ्यायची सोय नाही. मीठ बघायला यांना हाक मारायच्या. हे वाटीत बोट बुडवून सांगायचे, बरोबर आहे. एकदा यांनी तळलेली तुकडी भाताखाली लपवून आईंच्या ताटात ठेवली. आईंनी ती बघितली, उचलून यांच्या ताटात ठेवली, आणि न जेवता उठल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या चुलीशी बसून रडल्या, असं हे सांगत होते. तिला इच्छा होती का हे कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही, नुसतं मीठ सांगत राहिलो, म्हणाले.

आणि मग म्हणाले, तू सोडायचे नाहीत. मी अभद्र बोलू नका म्हटलं, तर हात धरला. हातात जोर नव्हता, पण सोडवला नाही मी. म्हणाले, काका रीत सांगतील, आई काही बोलायची नाही, शुभा रडेल, आणि तू रागाच्या भरात सगळ्यांत आधी स्वतःच सोडशील, मी ओळखतो तुला. म्हणून आत्ता माझ्यासमोर खा. मासा आत्तासाठी मागितलाच नव्हता मी, पुढच्यासाठी मागितला होता. मग मी ताट आणलं. आम्ही एका ताटात जेवलो. पहिला घास मी घेतला. घशाखाली उतरेना. यांनी माझ्याकडे बघत दुसरा घेतला आणि अगदी शांतपणे चावून गिळला. त्यांना नुसता भात जात नव्हता, पण त्या दिवशी त्यांनी ताट संपवलं. मीही संपवलं. दोघांनाही काय खातोय ते कळत होतं. शेवटी बोट चाटून म्हणाले, मीठ बरोबर आहे. त्यांना झोप लागल्यावर मी मोरीत जाऊन सगळं ओकले.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. इथे विद्युतदाहिनी आहे, संस्थेतले प्राध्यापक आले, बर्लिनहून एक मराठी विद्यार्थी आला आणि त्यानं तोंडपाठ होते तेवढे मंत्र म्हटले. हेर क्नोब्लोखही आला होता, काळा कोट घालून. सगळं झाल्यावर माझ्याजवळ येऊन आल्झो, आल्झो, म्हणजे ‘तर मग, तर मग’, करत उभा राहिला. शेवटी बोलला. त्याच्या बायकोनं त्यांचा वाटा शिजवला होता आणि तो कोंबड्यांनीही खाल्ला नाही. तुमच्या नवऱ्याला मी असलं खायला दिलं, असं म्हणून तो माझ्याकडे बघेचना. मी त्याला सांगितलं, की आमचा साल्म फार चांगला निघाला, यांनी ताट पुसून खाल्लं, तुमची शेपटीच वाईट निघाली असेल. त्याला ते पटलं नाही. पण त्यानं माझा हात हातात घेतला आणि या, या, असं म्हणत राहिला. इथे या म्हणजे हो. मला मात्र मराठीतलंच ऐकू आलं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. मे महिन्याच्या बोटीनं मी येतेय, यांना पेटीत घेऊन. मासे सोडणार नाही, असा मी यांना त्या ताटावर शब्द दिलाय. आणि शुभा, मला मासा खाता येत नाही. परवा फ्राऊ हेर्टेलनं मुद्दाम माझ्यासाठी हेरिंग तळलं, कुठलाही वास नव्हता त्याला, आणि मी घास तोंडाजवळ नेला तर पोटातून सगळं वर आलं. काल पुन्हा बघितलं, तेच. घरी आल्यावर मी ताटातला मासा बाजूला सारीन आणि सगळे म्हणतील, किती पाळते हो पोर, जर्मनीत राहून आली तरी. काका मान डोलावतील. आईंना वाटेल, आपल्यासारखीच निघाली, आणि त्यांना बरं वाटेल की वाईट, ते मला सांगता येत नाही. मला ते कौतुक नको. ते ऐकून मी मरेन. म्हणून घरात एका तरी माणसाला माहीत असू दे, की मी काही पाळत नाहीये, मला जमत नाहीये. तू एवढंच कर. मी आले त्या दिवसापासून, सगळ्यांच्या देखत, माझ्या ताटात एक तुकडी वाढ. काका काय म्हणतील ते म्हणू देत, आई उठून गेल्या तरी वाढ. मी खाल्ली नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढ.

तुझीच, आणि आता घरात तुझ्याच भरवशावर येणारी,
सुलेखा